धोट्याचा डोळा

आपल्या समाजातल्या घरांच्या भिंती पाहिल्या तर फोटोंचा हिशेब फार मोठा नसतो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेब हे पहिल्या मानाचे. त्यांच्या बाजूला माता रमाई. खाली कोणा आजोबांचा, स्टुडिओवाल्याचा कोट अंगात चढवून ताठ बसून काढलेला एखादा. मग नवराबायकोचा लग्नातला, हार घातलेला. एवढ्यात भिंत संपते. फोटो काढणे हा आपल्याकडे एक प्रसंग होता. त्यासाठी केस विंचरावे लागत, पैसे बाजूला काढावे लागत. छत्तीस फोटोंचा रोळ कोणी विकत घेतलाच तर तो एका लग्नात आणि एका बारशात पुरवून वापरायचा. सुईचा, बटणाचा, मुंगीचा फोटो काढण्यात त्यातला एक घालवणाऱ्याला घरच्यांनी वेड्यातच काढले असते.

आता घरटी एक तरी मोबाईल आहे आणि फोटोला पैसे पडत नाहीत. पण काढतो काय आपण? स्वतःचे तोंड, वाढदिवसाचा केक, आणि पुढाऱ्याच्या शेजारी उभे राहिलेले आपण. सवय जुनीच राहिली, फक्त रोळ संपायचा थांबला.

म्हणून यंदाच्या वर्षावासात भिवंडीतल्या आमच्या वस्तीच्या विहारात रविवारच्या वर्गाच्या मुलांना आम्ही एक काम लावून दिले. वंदना झाली की मुले अर्धा तास बसतात, एरवी आम्ही त्यांना बुद्धचरित्रातली एखादी गोष्ट सांगतो. त्या रविवारी सांगितले की, पुढच्या खेपेला येताना प्रत्येकाने घरातला किंवा गल्लीतला एक फोटो काढून आणायचा. अट एकच, वस्तू आगपेटीपेक्षा लहान हवी. माणसाचे तोंड चालणार नाही. देवाधर्माचे, पुढाऱ्याचे, गाडीचे चालणार नाही. आणि ती वस्तू कशाची, कोणाच्या उपयोगाची, हे विचारले तर सांगता आले पाहिजे.

पहिल्या रविवारी मुलांनी आणले ते अपेक्षेप्रमाणेच. मुंगी, मुंगी आणि मुंगी. त्यातली निम्मी अंधुक. एका मुलाने मात्र साखरेचा दाणा ओढणारी मुंगी जमिनीला गाल लावून टिपली होती, आणि त्या फोटोत साखरेचा दाणा पांढऱ्याशुभ्र दगडासारखा दिसत होता. मग मुलांना चटक लागली. मसुराची डाळ आली, गॅसच्या लायटरची ठिणगी पडते ते टोक आले, आजीच्या गोळ्यांच्या पत्र्यावरचे रिकामे खड्डे आले. एका मुलीची आई घरी धागाकटिंगचे काम करते, म्हणजे शिवून आलेल्या शर्टांचे सुटे दोरे कात्रीने कापून देते, नगावर पैसे. त्या मुलीने कापलेल्या दोऱ्यांच्या ढिगाचा जवळून फोटो आणला. आई तिला म्हणाली होती, "अगं, कचरा आहे तो, त्याचा काय फोटो काढतेस!" फोटोत तो कचरा वाटत नव्हता. निळे, पांढरे, करडे दोरे एकमेकांत असे गुंतले होते की वस्तीतल्या बायकांनी तो मोबाईल हातोहात फिरवला. एकीने विचारले, "एवढे दोरे म्हणजे किती शर्ट असतील गं?" मुलीने सांगितले, "दीडशे." मग कोणी काही बोलले नाही. त्या कामाचे पैसे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होते.

तिसऱ्या रविवारी सातवीतल्या एका मुलाने जो फोटो आणला, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

फोटोत एक भोक होते. गुळगुळीत, जुन्या तेलकट लाकडात बसवलेली छोटीशी कडी, मधोमध काळे भोक, आणि त्यातून बाहेर आलेला एकच पांढरा धागा. बाकी सगळे पुसट. मुलांना ओळखता येईना. कोणी म्हणाले सुई, कोणी म्हणाले बासरी. तो मुलगा मोठ्या ऐटीत म्हणाला, "धोट्याचा डोळा आहे. काकांच्या कारखान्यातला."

भिवंडीत राहणाऱ्याला धोटा सांगावा लागू नये, पण आताच्या मुलांना सांगावा लागतो, म्हणून सांगतो. सांच्यावर उभ्या धाग्यांचा ताणा ताणलेला असतो. त्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, इकडून तिकडे घेऊन जाणारी लाकडी होडी ती धोटा. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोच्या असतात, पोटात सुताची कांडी बसते, आणि त्या कांडीचा धागा धोट्याच्या कडेला असलेल्या एका बारीक भोकातून बाहेर येतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ती होडी धडाधड इकडून तिकडे जाते. गल्लीतून जाताना कानावर पडतो तो खटाखट आवाज निम्मा तिचाच. कांडी संपली की सांचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची, धागा त्या भोकातून ओवायचा आणि पुन्हा सुरू. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

विहारात त्या दिवशी आमच्या वस्तीतले एक वयस्क गृहस्थ बसले होते. मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ चा संप मोडला तसे इकडे भिवंडीत येऊन सांच्यावर उभे राहिले, अशा कितीतरी जणांपैकी एक. त्यांनी चष्मा वर करून मोबाईल डोळ्याजवळ नेला आणि मुलाला विचारले, "बाळा, हा धागा आत कसा घालतात, पाहिलंस का?"

"हाताने, आजोबा. आकड्याने ओढतात."

"आता आकड्याने. माझा बाप सांगायचा, पूर्वी तोंडाने ओढायचे. भोकाला ओठ लावायचा आणि श्वास आत घ्यायचा. धागा सरळ तोंडात यायचा. म्हणून तर माझ्या बापाला साचेखात्यात घेतलं नाही. जन्म त्रासनखात्यात गेला त्याचा."

मुलांना कळेना. तोंडाने ओढायचा आणि खात्यात घ्यायचा संबंध काय? तो संबंध समजावून सांगता सांगता त्या दिवशीचा वर्ग दुपारपर्यंत लांबला.

वाचकांपैकी ज्येष्ठांना हा इतिहास माहीत आहे, पण तरुणांसाठी तो लिहून ठेवला पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना काम मिळे, पण ते ठरावीक खात्यांत. सूतकताईच्या बाजूला, म्हणजे गिरणीच्या भाषेत त्रासनखात्यात, आपले लोक पुष्कळ. विणकामाच्या साचेखात्यात मात्र मज्जाव. आणि पगार चांगला तो साचेखात्यात! कारण काय सांगत, तर धोट्यात धागा ओवताना विणकराला तो तोंडाने ओढावा लागतो, धाग्याला थुंकी लागते, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगार हातात कसा घेणार! मालकाने लिहून काढलेला असा नियम नव्हता. खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या, त्याच चाळीत राहणाऱ्या, त्याच संपात उतरणाऱ्या कामगारांनी पाळलेला हा नियम होता.

१९२८ साली मुंबईतल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिलपासून सहा महिने संप केला. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुम्ही मान्य करणार आहात की नाही? नसेल तर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत घातली. यादी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेलही, पण त्याला जबाबदार आम्ही नाही. आणि त्यांचे ते म्हणणे अगदीच खोटे नव्हते, ही या प्रकरणातली सर्वांत कडू गोष्ट आहे. जातीची भिंत मालकाला बांधावी लागली नाही, ती आयती मिळाली.

गंमत अशी की धोट्याला तोंड लावायची ही पद्धत इथली नव्हे. गिरण्या जिथून आल्या त्या इंग्लंडच्या लँकेशायरातही विणकर असेच करीत, आणि तिकडे त्याला धोट्याचे चुंबन म्हणत. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागतात, त्यातून क्षयासारखे रोग पसरतात, म्हणून तिकडे या पद्धतीविरुद्ध आरडाओरड झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली ती कायद्याने बंद केली. म्हणजे तेच भोक, तीच थुंकी. तिकडे प्रश्न रोगजंतूंचा झाला आणि इकडे विटाळाचा.

हे सगळे त्या फोटोतल्या भोकात होते. भोकाची रुंदी तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. एरवी धोटा हातात घेतला तर ते भोक दिसतसुद्धा नाही. सातवीतल्या पोराने मोबाईल जवळ नेला म्हणून ते तळहाताएवढे झाले आणि एका माणसाला त्याचा बाप आठवला.

लहान वस्तू मोठी करून पाहण्याचा आणि कापडाचा संबंध तसा जुना आहे. कापडाच्या धंद्यातल्या लोकांनी पिक मोजायचे भिंग पाहिलेले असते. पितळी किंवा पत्र्याची घडीची चौकट, तळाला एक इंचाचे चौकोनी भोक, वर भिंग. ते कापडावर ठेवायचे आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे सुईने मोजायचे. त्यावर रीड-पिक ठरते आणि त्यावर भाव. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी १६३२ साली जन्मलेला लेव्हेनहूक हा असाच कापडाचा व्यापारी. सोळाव्या वर्षी तो कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला. कापडाचा पोत भिंगाने पाहता पाहताच त्याला भिंगांचा नाद लागला असे मानले जाते. विद्यापीठात तो गेला नाही, विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. पुढे त्याने गावच्या नगरसभेत सभागृहाची देखभाल पाहण्याची नोकरी धरली. (आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचून बरे वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.) घरी बसून तो मोहरीसारखी बारीक भिंगे घासत असे. अशी शेकडो भिंगे त्याने केली. १६७४ साली तळ्यातल्या पाण्याचा थेंब त्याने भिंगाखाली धरला आणि त्यात पोहणारे जीव पाहिले. पुढे स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून त्यातही वळवळणारे जीव दाखवले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने आपल्या साध्या डच भाषेत पत्रे लिहिली. विद्वानांनी आधी शंका घेतली, मग खात्री करून घेतली, आणि शेवटी त्याला आपल्यात सामावून घेतले.

त्याच्या थोडे आधी, १६६५ साली, लंडनच्या रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या चित्रांचा ग्रंथ छापला. त्याची सुरुवात कशाने आहे? सुईचे टोक, वस्तऱ्याची धार आणि तलम कापडाचा तुकडा. फोटो त्या काळी नव्हता, सगळे हाताने काढलेले. सुईचे टोक त्यात बोथट, खडबडीत दिसते, आणि तलम कापड म्हणजे जाड दोरखंडाची जाळी. आमच्या मुलांनी धोतराच्या कापडाचा जवळून फोटो काढला तेव्हा एका मुलाने "हे गोणपाट आहे" म्हणून सांगितले, ते काही चुकीचे नव्हते.

बारीक जीव दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांची काळजी घेणारी एक परंपरा आपल्याकडे आहे, तीही कापडाशीच जोडलेली. भिक्खूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे फडके आहे. त्याला पालीत परिस्सावन म्हणतात. पाण्यातले बारीक जीव आपल्या पिण्याने मरू नयेत यासाठी ते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू प्रवासाला निघाले. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. दुसऱ्याने मागितली, पहिल्याने दिली नाही. दुसरा तहानेने मरण पावला. तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी नियम केला की, वाटेत कोणी गाळणी मागितली तर नाही म्हणायचे नाही, आणि गाळणीच नसेल तर आपल्या चीवराच्या टोकाने पाणी गाळून प्यावे. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीने विचारले, "म्हणजे त्याने किड्यांना वाचवलं आणि माणसाला मारलं?" आम्ही तिला म्हटले, ताई, तू म्हणतेस तसेच झाले, आणि म्हणूनच पुढचा नियम करावा लागला.

लहान वस्तूंचे मोल पाहायचे तर आपल्यापासून फार दूर जायला नको. वसईकडे नालासोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट नावाचे टेकाड होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, आणि त्याच्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि शेवटी सोन्याचे करंडक. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या काळच्या उपासकांनी त्या तिथे ठेवल्या होत्या. सोन्याला वर ठेवून माती खाली लपवायची हा जगाचा रिवाज. इथे सोन्याने खापरीची राखण केली. या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. तसेच नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत, त्यांत त्यांचे कपडे आहेत, टंकलेखन यंत्र आहे. सहलीला जाणारी आपली मंडळी दारात उभे राहून गटाचा फोटो काढतात आणि परत फिरतात. टंकयंत्राच्या एका कळीचा, कोटाच्या एका गुंडीचा फोटो कोणाजवळ आहे का, हे आम्ही आमच्या ओळखीत विचारून पाहिले. नव्हता. आता जाणाऱ्यांनी तिथल्यांची परवानगी घेऊन जरूर काढावा.

आता थोडे करायचे कसे ते सांगतो, कारण वस्तीतून बऱ्याच जणांनी विचारले आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. पहिली गोष्ट, मोबाईलमध्ये बोटांनी चित्र मोठे करून फोटो काढू नये, त्याने वस्तू जवळ येत नाही, फक्त चित्र फाटते. स्वतः जवळ जावे. पण फार जवळ गेले की बहुतेक मोबाईलचे भिंग हार मानते आणि चित्र पुसट होते. तेव्हा वीतभर अंतरावरून सुरुवात करून हळूहळू पुढे सरकावे आणि जिथे वस्तू स्वच्छ दिसेनाशी होते त्याच्या जरा मागे थांबावे. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरले की नजर तिथेच पक्की होते. त्याहून जवळ जायचे असेल तर पाण्याचा थेंब. काडीच्या टोकाने स्वच्छ पाण्याचा एक बारीक थेंब मोबाईलच्या मागच्या भिंगाच्या काचेवर ठेवावा आणि मोबाईल अलगद उलटा करावा. थेंब पडत नाही, लोंबून राहतो, आणि त्याच्या फुगीर आकारामुळे भिंगावर आणखी एक भिंग चढते. मग वस्तू बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आली तरी दिसते. मोबाईल जुना, फुटका असेल तर त्याच्या फटीत पाणी जाईल, तिथे हा प्रयोग करू नये. त्यापेक्षा बिघडलेल्या सीडी प्लेअरमधले मसुराएवढे भिंग काढून केसांच्या पिनेत अडकवावे आणि चिकटपट्टीने मोबाईलच्या भिंगावर बसवावे. भंगारवाल्याकडे असे यंत्र कवडीमोलाने मिळते. ज्या घरात कापडाचा धंदा आहे तिथे पिक मोजायचे भिंग असेलच, ते नुसते मोबाईलपुढे धरले तरी काम होते.

इतक्या जवळून पाहताना एक अडचण अटळ आहे. केसाएवढ्या जाडीचाच भाग स्वच्छ येतो, पुढचे-मागचे सगळे विरघळते. त्यामुळे श्वास रोखला तरी हात हलतो. कोपर जमिनीला टेकवावे, मोबाईल जेवणाच्या डब्याला टेकवून धरावा. मागे विजेचा झगझगीत दिवा नको, दाराचा किंवा खिडकीचा आडवा उजेड घ्यावा, आणि दुसऱ्या बाजूला वहीचा पांढरा कागद उभा करावा म्हणजे सावली फिकी होते. मोबाईलचा स्वतःचा फ्लॅश बंद. आपल्या गावात आणखी एक त्रास म्हणजे कापसाची पूद. ती भिंगावर बसतेच. ती बनियनने घासू नये, फुंकर मारावी आणि मऊ धुवट सुती कापडाने हलकेच टिपावी. कारखान्यात काढायचे असेल तर बाजूचे सांचे चालू असताना जमीनच थरथरत असते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जावे किंवा वीज गेली की जावे. आपल्याकडे ती संधी बरीच मिळते.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी कागदाचा सूक्ष्मदर्शक आहे. मेरठला जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले मनू प्रकाश यांनी तो तयार केला. जाड कागदाच्या घड्या घालून, त्यात मण्याएवढे भिंग बसवून होणारा हा फोल्डस्कोप २०१४ मध्ये जगापुढे आला. त्याचे सुटे भाग एका डॉलरहून कमी खर्चात होतात असा त्यांचा हिशेब होता. लेव्हेनहूकचे एक भिंग आणि ही कागदाची घडी यांत तत्त्व एकच आहे. शाळेने किंवा मंडळाने मागवून मुलांच्या हातात द्यावी अशी ही वस्तू आहे. भीमजयंतीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यात असे किती येतील याचा हिशेब आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडला होता. तो मंडळाच्या तरुणांना आवडला नाही.

फोटो काढायला परवानगी हवी, हेही मुलांना पहिल्या दिवशी सांगितले होते. सांच्यांच्या कारखान्यात कोणी मोबाईल उचलला की मालकाच्या मनात आधी विजेचा मीटर येतो, मग कामगार खात्याचा माणूस. एका कारखान्यातून आमच्या दोन मुलांना हाकलूनही दिले. मोबाईलमधले फोटो दाखवल्यावर तिथला मुकादम म्हणाला, "इतकं मोठं मशीन सोडून नटबोल्टचा फोटो कशाला काढता रे?" पण मग त्यानेच एका कामगाराला बोलावले आणि म्हणाला, "ह्याच्या पापण्यांचा काढा." बारा तासांची पाळी संपत आली होती. त्या माणसाच्या पापण्यांवर, भुवयांवर, मिशीवर पांढरी पूद बसली होती. जवळून काढलेल्या त्या फोटोत एकेका पापणीवर कापसाचा तंतू लोंबतो आहे. तो माणूस उत्तर प्रदेशचा, इथे भिशीत जेवणारा. त्याने फोटो पाहिला, हसला, आणि गावाला पाठवायला मागून घेतला. आम्हाला मात्र दुसरेच दिसत होते. जे पापणीवर बसते ते नाकातूनही जाते. वर्षानुवर्षे कापसाची धूळ छातीत गेल्याने विणकरांना आणि सूतकताईवाल्यांना दम लागण्याचा जो आजार होतो, त्याला बिसिनोसिस असे नाव आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची सुरुवातीची खूण. पुष्कळदा बिडीचा खोकला म्हणून ती सोडून दिली जाते. घरात कोणाला असे होत असेल तर डॉक्टरला आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, हे न विचारता सांगावे.

छोट्या समजल्या गेलेल्या माणसांचे फोटो काढून मोठे काम केलेला छायाचित्रकार आपल्या महाराष्ट्रात आहे. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. त्या कामगारांत आपलीच माणसे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो मुलांना दाखवले तेव्हा मुलांनी माणसांइतकेच त्यांच्या हातांकडे पाहिले, ही आम्हाला या तीन महिन्यांची कमाई वाटते.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा विहाराच्या ओट्यावर मुलांच्या फोटोंचे प्रदर्शन मांडले. वर्गणी काढून चाळीस फोटो छापून घेतले. एका कारखान्यातून नापास झालेला मांजरपाटाचा तागा मिळाला, तो भिंतीला लावला आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्यावर फोटो टांगले. नावे मोठी केली नाहीत, फक्त वस्तूचे नाव आणि ती कोणाच्या घरची ते. धागाकटिंगच्या दोऱ्यांपाशी बायकांची गर्दी होती. पापण्यांच्या फोटोपुढे तो मुकादम आपली दोन मुले घेऊन येऊन गेला. धोट्याच्या डोळ्याखाली आम्ही १९२८ ची हकिकत एका कागदावर लिहून लावली होती. ती उभ्याने वाचायला लांब होती, तरी लोकांनी वाचली. ज्यांच्या वडिलांची ती गोष्ट होती ते गृहस्थ फोटोशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसले आणि येईल त्याला तोंड गोल करून धागा कसा ओढायचा ते दाखवत राहिले.

तो धोटा ज्या कारखान्यातला, तिथले चोवीस सांचे दिवाळीनंतर निघाले. भिवंडीत हे आता रोजचे आहे. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, एकामागून एक तडाख्यांत बारके कारखानदार खचले. कोणी बिनधोट्याचे नवे रेपियर सांचे आणले, बऱ्याच जणांनी गोदामाला जागा भाड्याने दिली. जुना सांचा किलोवर जातो. लोखंड भंगारात जाते आणि धोटे बंबात, कारण लाकूड घट्ट असते आणि चांगले जळते. त्या मुलाने काकांकडून दोन धोटे मागून घेतले, ते विहाराच्या कपाटात ठेवले आहेत.

मुलांचे काम चालू आहे. आता त्यांनी घरोघरच्या जुन्या वस्तू घ्यायच्या ठरवल्या आहेत. ज्यांच्याकडे गिरणीचा पितळी बिल्ला, पगाराची चिठ्ठी, कांडी, फणीचा तुकडा, आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांच्या चष्म्याची काडी, असे काही असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दहानंतर वंदना झाल्यावर विहारात घेऊन यावे. वस्तू आम्ही ठेवून घेत नाही. फोटो काढून तिथल्या तिथे परत देतो, आणि ती कोणाची, कुठली, हे आपल्यासमोरच वहीत लिहून घेतो.